धोंड्याच्या महिन्यात नरम केलेली गाडी

त्या तपासाची आठवण निघाली की माझ्या डोळ्यांपुढे आधी माणसं येत नाहीत. एक मोटारसायकल येते. अंगणात पावसात भिजणारी आणि साइड स्टँडवर जरा जास्तच ताठ उभी असलेली.

पोलीस खात्यातून मी लवकर बाहेर पडले. वयाने निवृत्त म्हणावी अशी मी नाही, पण वर्दी उतरली की माणूस मागे वळून पाहतोच. उपनिरीक्षक म्हणून माझी पहिली नेमणूक मेहकर तालुक्यात होती. शिक्षण इंग्रजी माध्यमात झालेलं. वऱ्हाडी मला पूर्ण समजायची, बोलायला गेले की हवालदार हसू दाबायचे. त्यामुळे मी कमी बोलत असे. चार माणसांपुढे आवाज चढवणं मला तेव्हाही जमत नव्हतं, आजही जमत नाही. समोरचा बोलत असताना मी त्याच्या चपला, त्याची पिशवी, त्याची गाडी पाहत बसायची. या सवयीचा तपासात उपयोग होईल असं मला कोणी सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी सकाळची हजेरी संपून बीटवाले आपापल्या गावांना निघत होते. तेवढ्यात दोघे भाऊ एकमेकांना ढकलतच ठाण्याच्या दारात आले. मागून त्यांची बहीण, डोळे सुजलेली.

“माय कुठं नेऊन ठेवली ते सांग आधी!” धाकटा ओरडला.

“मले काय विचारतं बे? तुया घरी गेली ना ते!” थोरला त्याच्या वरताण.

“माह्या घरी असती तर मी इथं काऊन आलो असतो?”

ठाणेदारांनी टेबलावर हात आपटला तेव्हा दोघे गप्प झाले. मग बहिणीने सांगितलं ते असं. आई सत्तरीच्या पुढची. थोरला डोणगावच्या बाजूच्या एका खेड्यात शेती करतो, धाकटा मेहकरला बी-बियाण्याच्या दुकानात कामाला आहे. वडील गेल्यावर जमिनीबरोबर आईचीही वाटणी झाली. एक महिना थोरल्याकडे, एक महिना धाकट्याकडे. अमावास्या झाली की दुसऱ्या दिवशी आईचं गाठोडं गाडीला बांधायचं आणि तिला मागे बसवून पोचवायचं. अशी पाळी बरीच वर्षं बिनबोभाट चालली होती.

घोळ झाला तो अधिक महिन्याने. आषाढ थोरल्याकडे संपला आणि श्रावणाच्या आधी धोंड्याचा महिना आला. थोरला म्हणाला, माझा महिना झाला, आता तू ने. धाकटा म्हणाला, माझा नंबर खऱ्या श्रावणाचा, हा जास्तीचा महिना वाटणीत धरलेलाच नाही. यावरून फोनवर शिवीगाळ झाली आणि बोलणं बंद पडलं. त्यातच म्हातारी न्हाणीत घसरली होती. पाठीचा एक मणका दबलेला निघाला. डॉक्टरांनी बजावलं होतं की हिला खड्ड्यांतून गाडीवर नेऊ नका, पडून राहू द्या, नाहीतर पाय कायमचे जातील. धाकट्याला वाटलं, तिचं दुखणं आपल्या गळ्यात मारायचा हा दादाचा डाव आहे.

बहीण धोंड्याचं जेवायला नवऱ्याला घेऊन धाकट्याकडे आली. “आई कुठाय?” म्हणाली. तो म्हणाला, दादाकडे. तिने दादाला फोन लावला. दादा म्हणाला, ती तर केव्हाच मेहकरला गेली.

म्हणजे पाठीचा मणका दबलेली, एकटीने उठताही न येणारी बाई काही दिवसांपासून कोणाच्याच घरी नव्हती, आणि दोन्ही भावांना त्याचा पत्ता नव्हता.

“दादाच्या नावानं गुन्हा दाखल करा, साहेब. अपहरणाचा,” धाकटा म्हणाला.

“माह्या घरातून गेली ते! उलट यानंच चोरून नेली असन!”

ठाणेदारांनी मिसिंगची नोंद घेतली आणि तपास माझ्याकडे दिला. दोघांना बाहेर बसवून मला म्हणाले, “म्हातारी जिवंत सापडली पाहिजे. बाकी कोणाला आत घालायचं ते नंतर बघू. रस्त्यावर पडलेली असेल तर या पावसात ती तग धरणार नाही.”

हे शेवटचं वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. मी आमच्या बीट जमादारांना आणि थोरल्याला जीपमध्ये घेऊन लगेच निघाले. जमादार पोट सुटलेले, बोलके, त्या भागातल्या प्रत्येक टपरीवर ओळख असलेले. गावाच्या फाट्यावर चहाची टपरी होती. ठाण्यातल्या भांडणाची बातमी तिथे आधीच पोचली होती. जीपमध्ये थोरल्याला पाहून टपरीवाल्याने मी विचारण्याआधी जमादारांनाच खुणेने बाजूला बोलावलं.

“म्हातारी दिसली होती, जमादार. गाडीवर मांगं बसलेली. डोणगावकडं गेले.”

“चालवत कोण होतं?”

“कोणी का असेना, माणूस येडा होता. हेल्मेट, रेनकोट, अंगभर झाकलेला. अन् गाडी कशी चालवत होता माहीत हाय? खड्डा आला की थांबे. दोन्ही पाय खाली टेके, मंग हळूच चाक उतरवे. मांगून बैलगाडी निंगून गेली त्याच्या. मी म्हटलं, भाऊ, आज पोचशीन का दिवाळीले?”

“गाडी कोणती?”

“दुधाच्या कॅनीचे आकडे होते दोन्ही बाजूनं.”

थोरल्याचा दुधाचा धंदा होता. जमादार खूश झाले. “घ्या म्याडम, झालं काम. थोरल्यानंच नेली अन् कुठंतरी टाकली. दोन ठेवून देतो, पोपटासारखा बोलते का नाही पाहा.”

जो माणूस आईला टाकून द्यायला निघाला आहे तो प्रत्येक खड्ड्याशी पाय टेकून थांबेल, हे मला पटत नव्हतं.

थोरल्याचं घर गावाच्या टोकाला होतं. अंगणात चिखल, ओट्यावर दुधाच्या कॅन पालथ्या घातलेल्या. म्हैस आटली होती आणि शेताकडे जायच्या पांदणीत गुडघाभर चिखल, त्यामुळे पावसाळ्यात गाडी अंगणातच उभी असते असं तो म्हणाला. आई गेली त्या दिवशी तो शेजाऱ्यांबरोबर काळी-पिवळी जीपने मेहकरच्या बाजारात फवारणीचं औषध आणायला गेला होता. बायको निंदायला शेतात. संध्याकाळी दोघे परतले तर खाट रिकामी, गाठोडंही नाही.

“मी म्हटलं, धाकल्याले लाज वाटली, नेली असन मायले. बरं झालं म्हटलं.”

“फोन करून विचारलं नाही?”

“त्याच्याशी मी बोलत नाई.”

त्याची बायको चुलीच्या खोलीच्या दारात उभी होती. लहानखुरी, माझ्याच उंचीची, म्हणजे कमीच. डोक्यावरचा पदर दातात धरलेला. आत जायचं तर गाडी दाराशी आडवी उभी होती. ती सरकवायला म्हणून मी हँडल धरलं आणि थबकले.

गाडी फार ताठ उभी होती. साइड स्टँडवर गाडी डावीकडे आरामात कललेली असते. ही जवळजवळ सरळ होती, जरा धक्का लागला असता तर उजवीकडे पडली असती. पडू नये म्हणून कोणीतरी स्टँडखालची माती टाचेने उकरून खळगा केला होता. गाडीची उंची कमी केली आणि स्टँड पूर्वीचाच राहिला की हे असं होतं. मला माहीत होतं, कारण माझ्या स्वतःच्या गाडीचं हेच झालं होतं. माझे पाय जमिनीला पुरत नव्हते म्हणून मी गाडी उतरवून घेतली होती आणि पहिल्याच आठवड्यात ती ठाण्याच्या आवारात सगळ्यांसमोर आडवी झाली होती.

मी सीटवर बसले. दोन्ही तळवे पूर्ण टेकले. सहा फुटांच्या माणसाच्या दुधाच्या गाडीवर!

मग खाली बसून पाहिलं. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या शॉकअपला स्प्रिंगखाली एक कडी असते, तिला पायऱ्यांसारख्या खाचा असतात. पाना लावून कडी वरच्या खाचेत नेली की स्प्रिंग दाबली जाते, गाडी कडक होते, ओझं पेलते. खालच्या खाचेत आणली की गाडी नरम पडते आणि थोडी बसते. दुधाच्या कॅन नेणाऱ्याची कडी कायम सगळ्यात वर असते. इथे दोन्ही कड्या सगळ्यात खाली होत्या आणि वरच्या खाचांमध्ये घासून चकचकीत झालेलं लोखंड दिसत होतं. पुढे हँडलपाशी पाहिलं. पुढच्या शॉकअपचे पाइप त्यांच्या पकडीतून बोटभर वर काढलेले. जो भाग आजवर पकडीच्या आत होता तो बाहेर येऊन लखलखत होता. चाकांत हवाही कमी होती.

“ही गाडी कोण कोण चालवतं?”

“मीच. दुसरं कोण चालवन?” थोरला म्हणाला.

“बसा बरं जरा. आणि जमादार, तुम्ही मागे बसा. फाट्यापर्यंत जाऊन या.”

जमादार बसले तशी गाडी खाली गेली. पन्नास पावलांवर पहिला खड्डा आला आणि मडगार्डला टायर घासल्याचा असा आवाज झाला की कोंबड्या पळाल्या. जमादार कंबर धरून उतरले.

“अबे, ही काय गाडी आहे का पाळणा? पाठ मोडली माही!”

तोवर धाकटा बहिणीला घेऊन पोचला होता. तोही हसला. “दादा, भाकरी कमी खात जा.”

थोरल्याला हसू आलं नाही. तो वाकून चाकाकडे पाहत राहिला. “ही अशी कवा झाली? माह्या गाडीले कोणं हात लावला?”

त्याचा चेहरा मी नीट पाहिला. तो खरंच चकित झाला होता. त्या दिवसानंतर तो या गाडीवर बसलाच नव्हता. धाकटाही त्याच्यासारखाच उंच आणि भरलेला. त्याने म्हातारीला मागे घेऊन ही गाडी चालवली असती तर दर खड्ड्याला स्प्रिंग तळाला टेकून उलट जास्त दणका बसला असता. एवढी नरम गाडी फक्त तेव्हाच आराम देते जेव्हा दोघांचं वजन मिळून एका माणसाइतकं असतं. चालवणारं माणूस हलकं होतं आणि बुटकं होतं. आणि त्याला मागे बसलेल्या बाईच्या पाठीची काळजी होती.

टपरीवाल्याने माणूस पाहिला नव्हता. हेल्मेट आणि रेनकोट पाहिला होता.

मी जमादारांना म्हटलं, “सगळ्यांना ओट्यावर बसवा. मला पाणी प्यायचंय.” आणि आत गेले.

थोरल्या सुनेने तांब्या पुढे केला. तिच्या नखांच्या कडेला काळं ग्रीस बसलेलं होतं. चुलीची काजळी धुतली की जाते, हे जात नाही.

“माहेर कुठलं तुमचं?”

“मोताळा.”

“वडील काय करतात?”

ती जरा थांबली. “गाड्या दुरुस्त करते बाप. बाजाराजवळ.”

“मग पाना धरायला तिथेच शिकलात?”

तिने पदर दातांतून सोडला. बाहेरून धाकट्याचा आवाज येत होता, गुन्हा, अपहरण, वकील. तिने तो ऐकला आणि माझ्याकडे सरळ पाहिलं.

“तुमी मराठी लय पुस्तकातली बोलता, म्याडम.”

“मला तशीच येते.”

“मंग पुस्तकात काय लिवलंय? सुनेनं सासूले दवाखान्याजवळ नेलं तर तिले बेड्या घालतात का?”

“त्या कशा आहेत?”

“मी नाई सांगणार.” आवाज खाली होता पण पक्का होता. “तुमी जीप घेऊन जासान. तिले उचलून ठाण्यात आणसान, मंग मेहकरले नेसान, मंग इकडं. तुमच्या कागदापायी तिची पाठ जाईन. दर अमावास्येले पाह्यलं म्या. कण्हत जाते, कण्हत येते. या बारीले डॉक्टरनं हात जोडून सांगतलं, तरी हे म्हणे, पावसानं उघडीप देली का मेहकरले सोडून येतो, धाकल्याले दाखवतो. हाड मोडलेल्या बाईवर हे भाऊ भाऊ खेळून राह्यले.”

“म्हणून तुम्ही आधीच नेलं.”

“हे बाजारात गेले अन् म्या गाडी खोलली. दोघं एकामेकाशी बोलत नाईत. हे समजन माय तिकडं हाय, धाकले समजन माय इकडं हाय. महिनाभर कोणी हलवणार नाई तिले, एवढंच पाह्यजे होतं. नणंद येईन हे ध्यानात नाई आलं.”

“गाडी परत पहिल्यासारखी का नाही केली?”

“तिले पुन्हा तपासाले न्यायचं होतं ना.”

मी तिला वचन देऊ शकत होते ते एकच, आणि ते माझ्या पदरचं नव्हतं, कायद्याचं होतं. बाईला किंवा म्हाताऱ्या माणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलवायचं नसतं. आपण त्यांच्या राहत्या जागी जायचं असतं.

“त्यांना मी खाटेवरून हलवणार नाही,” मी म्हटलं. “जबाब तिथेच बसून लिहीन. त्या सज्ञान आहेत. त्या जिथे राहते म्हणतील तिथून त्यांना कोणी नेऊ शकत नाही, त्यांचे मुलगेसुद्धा नाहीत. आणि तसं मी लिहूनच येईन.”

“शपथ?”

“शपथ नाही. नियम आहे.”

तिला हे उत्तर शपथेपेक्षा बरं वाटलं असावं. तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं, हात पुसले आणि म्हणाली, “चला मंग. पण गाडी मी चालवतो. तुमच्या जमादारानं पार आवाज काढला तिचा.”

आम्ही दोघी मोटारसायकलवर बाहेर पडलो तेव्हा ओट्यावरचे सगळे उठून उभे राहिले. बायकोला गाडी चालवताना थोरला पहिल्यांदाच पाहत होता. जमादारांनी त्याला आणि बाकीच्यांना जीपमध्ये घातलं.

डोणगावात ग्रामीण रुग्णालयाच्या मागच्या गल्लीत एका मुसलमान म्हातारीचं घर होतं, पुढच्या खोलीत बांगड्यांचं दुकान. ही हरवलेल्या म्हातारीची जुनी सोबतीण. तरुणपणी आठवडी बाजारात एकीचं भाजीचं पोतं आणि दुसरीची बांगड्यांची पेटी शेजारी शेजारी असायची. मुलांना हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्यांनी आईला कधी विचारलंच नव्हतं की तुझं बाजारात कोण होतं.

“आओ बेटा, पर पाँव पोंछ के,” सोबतीण माझी वर्दी पाहून जराही न दचकता म्हणाली. “और आवाज नीची. अभी सोई है.”

कडक फळीवर पातळ गादी, कमरेला पट्टा, उशाशी पाण्याचा तांब्या. म्हातारी झोपलेली नव्हती. डोळे मिचकावत होती.

मी स्टूल ओढून जबाब लिहायला बसले. तिने नाव सांगितलं, गाव सांगितलं. स्वतःच्या मर्जीने आलात का, यावर म्हणाली, “पोरी, माह्या मर्जीनं मी इतक्या वर्षांत पयल्यांदाच कुठं गेली.”

तोवर दोघे मुलगे दाराशी आले. धाकट्याने आत पाऊल टाकत सुरुवात केलीच, “माय, चाल घरी. मी नेतो तुले, आताच्या आता.”

“तू काऊन? माह्या घरून आली ते,” थोरला म्हणाला.

म्हातारीने मान न हलवता फक्त हात वर केला. थोरल्या सुनेकडे पाहिलं, मग मुलांकडे.

“धोंड्याचा महिना कोणाचा, याच्यावरून भांडले ना तुमी? वाटणीत धरला नाई म्हणे.” तिने श्वास घेतला. “बारा महिने तुमचे. तुमी वाटून घेतले. हा माहा. मी इथं राहीन.”

ते मी शब्दशः लिहून घेतलं. खाली तिचा अंगठा, पंचांच्या सह्या. आई-वडिलांना सांभाळण्याचा कायदा काय सांगतो ते मी दोघांना माझ्या पुस्तकी मराठीत वाचून दाखवलं. या वेळी कोणी हसलं नाही. अपहरणाचा विषय तिथेच संपला. धाकट्याने वहिनीकडे न पाहता विचारलं, “दवाखान्यात पुन्हा कवा न्यायचं?” ती म्हणाली, “मी नेईन. तुमी येत जा फक्त.”

ठाणेदारांना अहवाल दिला तेव्हा ते म्हणाले, “सापडली कशी ते एका ओळीत सांगा.” मला एका ओळीत सांगता आलं नाही. मी एवढंच म्हटलं की गाडी नरम होती.

त्यानंतर चोरीच्या, मारामारीच्या तपासांत गाडीवर फिरणारी पुष्कळ माणसं माझ्यासमोर आली. माणूस काय बोलला ते आम्ही जबाबात घेतो, आणि बोलताना माणूस स्वतःला कसंही उभं करतो. वस्तू त्याने कोणासाठी कशी बसवली आहे, हे मात्र तो लपवायला विसरतो. कडक केलेली गाडी पाहिली की ओझं काय होतं ते मी विचारायची. आणि सैल केलेली दिसली की मागे कोण बसणार होतं, हे विचारल्याशिवाय पुढे जायची नाही.

बदली होण्याआधी एकदा त्या गावावरून गेले. खरा श्रावणही सरला होता. म्हैस व्याली असावी, कारण कॅन पुन्हा आकड्यांना लटकल्या होत्या. थोरला पाना घेऊन मागच्या चाकाशी उकिडवा बसला होता आणि कडी फिरवत होता. बायको वर उभी राहून सांगत होती.

“अजून एक खाच. हाव, आता दुधाले बरोबर.” मग मला पाहून ती हसली आणि त्याला म्हणाली, “अन् ध्यानात ठेवा, दुपारी परत खाली घ्यायची हाय. माय काई अजून सोबतिणीकडून निंगत नाई, तिले पाहाले डोणगावले जायाचं हाय, तिथं तिले मंडईपर्यंत फिरवून आणतो म्हटलंय म्या.”